सनदेवांचून चाललेल्या संस्था : हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा

आमच्याकडील जुन्या कागदांच्या संग्राहकांचा सनदांवर लोभ फार. शिक्कामोर्तबाचा कागद दिसला कीं हात आपोआप पुढें होतो. त्याच रुमालांत गुंडाळलेली वर्गणीची यादी, रोजमेळाची वही किंवा फाटक्या पावत्यांची जुडी मात्र बहुधा मालकाकडेच परत जाते. या आवडीनिवडीचा परिणाम असा झाला आहे कीं, ज्या संस्थांस राजाश्रय होता त्यांचा इतिहास सविस्तर लिहितां येतो, आणि ज्या केवळ लोकांच्या पदरमोडीवर चालल्या त्यांच्याविषयीं दोन ओळी लिहावयाच्या म्हटल्या तरी साधनांची वाण पडते. धाराशिव जिल्ह्यांतील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेच्या निमित्तानें या उणिवेकडे वाचकांचें लक्ष वेधावें, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम जुन्या दानपद्धतीचा थोडा विचार करणें अवश्य आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात याचा वर्ष ४२ चा लेख आहे, तो अभ्यासकांस परिचित आहेच. लेणें भिक्षुसंघास अर्पण करून उषवदात तेथेंच थांबला नाहीं. त्यानें तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवि, म्हणजे मुद्दलास हात न लावतां केवळ व्याज भोगावयाची ठेव, करून दिली. यांपैकीं दोन हजार गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक या दरानें ठेविले, व एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेंकडा पाऊण या दरानें. पहिल्या रकमेच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं मिळावयाचे होते. दुसरीचें व्याज ‘कुशणमूल’ या नांवाच्या खर्चाकडे लावून दिलें होतें. हिशेब करून पाहावा : दोन हजारांवर दरमहा वीस, बारा महिन्यांचे दोनशें चाळीस, वीस भिक्षूंस बारा-बारा दिले कीं पैसाही उरत नाहीं व उणाही पडत नाहीं. हा सर्व व्यवहार निगमसभेंत ऐकवून रीतीप्रमाणें फलकावर नोंदविला, असेंही लेखांत नमूद आहे.

या लेखाचें महत्त्व राजजामाताच्या औदार्यांत आहे असें सामान्यतः मानितात. आमच्या मतें तें निराळ्या ठिकाणीं आहे. ठेव ज्यांच्या हवालीं केली ते कोष्टी होते. राजकुलांतील पुरुषानें आपल्या धर्मादायाचें भवितव्य विणकरांच्या एका जमातसंस्थेवर सोंपविलें, याचा अर्थ तिची पत, तिचें सातत्य व तिचे हिशेब यांवर त्याचा विश्वास होता. जुन्नरच्या लेण्यांतूनही धान्यविक्रे, कांसार व बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींचे उल्लेख येतात. आणि आभीर राजा ईश्वरसेन याच्या राज्यवर्ष ९ मधील नाशिकच्या लेखांत विष्णुदत्ता नांवाच्या उपासिकेनें श्रेणींकडे ठेविलेल्या रकमा आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठीं आहेत. तेव्हां दाता, सांभाळणारी संस्था व लाभ घेणारी संस्था असे तीन पक्ष या व्यवहारांत असत, आणि मधला पक्ष कष्टकऱ्यांचा असे.

धाराशिव जिल्ह्याचा याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. जिल्ह्यांतील तेर म्हणजेच प्राचीन तगर, हें फ्लीटनें १९०१ सालीं दाखविलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत तगर हें पैठणापासून दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचें सांगून तेथून साधें कापड व मलमल भडोचकडे जात असल्याचें लिहिलें आहे. जेथून एवढें कापड समुद्रापार जाई तेथें कोष्ट्यांच्या श्रेणी नांदत असल्या पाहिजेत, हें अनुमान धाडसाचें होणार नाहीं. असो.

आतां एकदम विसाव्या शतकांत येऊं. निजामाच्या राज्यांत त्या वेळीं मराठवाड्याचे पांच जिल्हे होते, त्यांत उस्मानाबाद हा एक. (जिल्ह्याचें व शहराचें धाराशिव हें जुनें नांव २०२३ सालीं सरकारी रीतीनें परत आलें.) राज्यकारभाराची भाषा उर्दू, १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षणाचें माध्यमही उर्दूच. मराठी मुलास आपल्या भाषेंत चार यत्तांपलीकडे शिकावयाचें तर खासगी शाळा तरी काढावी, नाहींतर सरहद्द ओलांडून सोलापुराकडे जावें, असा प्रकार. हैदराबादेंत १९०७ सालीं विवेकवर्धिनी निघाली, औरंगाबादेस १९१५ सालीं सरस्वती भुवन. या दोन्ही शहरांतल्या संस्था; तेथें वकील होते, सावकार होते, वर्गणी मागावयास दारें होतीं.

हिप्परगा हें खेडें. पूर्वी उमरगे तालुक्यांत, आतां लोहारे तालुक्यांत. तेथें १९२१ सालीं व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनीं राष्ट्रीय शाळा काढली. असहकाराचा तो काळ. सरकारी शाळा सोडा व आपल्या शाळा काढा, ही हांक ब्रिटिश मुलखांत उठली होती, तिचा पडसाद संस्थानी मुलखांतील या आडगांवीं उमटला. पुढें ब्रिटिश मुलखांतील अशा कित्येक शाळा दोनचार वर्षांत बंद पडल्या. हिप्परग्याची चालू राहिली, हीच तिच्याविषयींची पहिली ऐतिहासिक गोष्ट.

१९२९ सालीं तेथें मुख्याध्यापक म्हणून व्यंकटेश भवानराव खेडगीकर आले. जन्म १९०३ चा, शिक्षण सोलापूर, अमळनेर व पुण्याचें टिळक विद्यापीठ येथें, आणि मजुरांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखालीं कामाचा अनुभव. हिप्परग्यास असतांनाच त्यांनीं संन्यास घेतला व ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. बाबासाहेब परांजपे यांचाही या शाळेशीं निकट संबंध होता. १९३५ सालीं स्वामीजी अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयांत गेले. पुढें १९३८ चा स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, कारावास, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थानाचा मोकळा श्वास, हा इतिहास सर्वश्रुत आहे. तो येथें पुन्हां सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आमचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे : सरकारी मदत न घेणारी ही शाळा रोजच्या रोज चालली कशावर?

हिच्यामागें अक्षयनीवि नव्हती. असल्या शाळांचा निर्वाह ज्यावर होतो तीं साधनें दख्खनेंत पूर्वापार ठरलेलीं आहेत. सुगींत खळ्यावर मागितलेलें धान्य; घरोघरच्या जात्यापाशीं बाजूस काढलेली मूठ; वार लावून जेवणारा विद्यार्थी; एखाद्या वाड्याची रिकामी सोपा-पडवी वर्गासाठीं; आणि रोख रुपया सर्वांच्या शेवटीं. अंताजी दामोदर काळे यांनीं पैसाफंड काढून त्यावर तळेगांवचा कांचकारखाना १९०८ सालीं उभा केला, तेव्हां माणशीं वर्षाला एक पैसा एवढीच मागणी होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि साताऱ्याच्या वसतिगृहांतील मुलांसाठीं लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले. याउलट शाहू छत्रपतींच्या कोल्हापुरांतील वसतिगृहांस दरबाराचा हात होता. दोन्ही मार्ग थोरच. परंतु एकाचे हुकूम दफ्तरांत सांपडतात आणि दुसऱ्याची मूठ दळणांत जाते, एवढा फरक संशोधकास भारी पडतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलणें भाग आहे. लोकाश्रयाच्या वर्णनांत देणाऱ्यांचीं नांवें येतात, परंतु अशा शाळेचा सर्वांत मोठा देणगीदार तिचा शिक्षकच असतो. ज्यास बाहेर पन्नास मिळाले असते तो पंधरांवर राहतो, तेव्हां उरलेले पस्तीस दरमहा तो संस्थेस देतच असतो. पण हा आंकडा कोणत्याही किर्दींत जमा पडत नाहीं. आम्हीं स्वतः उभा जन्म शाळेंत घालविला आहे, म्हणून हें लिहावयाचा अधिकार थोडाबहुत आम्हांस आहे. कोनशिलेवर धनिकाचें नांव कोरलेलें असतें, आणि न घेतलेल्या पगाराची बेरीज कोणी मांडलेली नसते. ज्यांस लोकाश्रयाचें केवळ गोड वर्णन करावयाचें असतें त्यांनीं शिक्षकांच्या घरच्या किराण्याची उधारीची वहीही पाहावी.

दुसरी गोष्ट धोक्याची. संस्थानांत सभाबंदीचा कडक अंमल होता. १९२९-३० च्या सुमाराची ‘गश्ती निशान ५३’ प्रसिद्धच आहे, तिनें परवानगीवांचून जाहीर सभा भरविणें अशक्यप्राय केलें. अशा दिवसांत राष्ट्रीय शाळेच्या यादींत आपलें नांव लिहूं देणें म्हणजे केवळ धर्मादाय नव्हे. उषवदाताचें दान फलकावर लिहून ऐकविलें गेलें, कारण त्याची कीर्ति व्हावी हाच हेतु होता. हिप्परग्यासारख्या शाळेच्या यादींतलें नांव मात्र देणाऱ्यास अडचणींत घालूं शके. म्हणून असल्या याद्यांत ‘एक गृहस्थ’, ‘एक हितचिंतक’ अशा नोंदी आल्या, तर त्यांकडे विनयाचा नमुना म्हणून पाहूं नये. त्या काळाच्या पोलिसांचा विचार मनांत आणावा.

अक्षयनीवि चांगली कीं वार्षिक वर्गणी, असाही प्रश्न येथें उपस्थित होतो. कायम ठेव असलेली संस्था दुष्काळांतही तग धरते, आणि हा जिल्हा तर पावसाच्या बाबतींत नेहमींच उणा. परंतु ठेवीचें व्याज येऊं लागलें कीं संस्थेस गांवांत फिरण्याचें कारण उरत नाहीं. वर्गणीवर जगणाऱ्या शाळेस दर सुगीला शंभर उंबऱ्यांपुढें उभें राहावें लागे, व प्रत्येक उंबऱ्यावर आपलें काम काय हें सांगावें लागे. स्वामीजींच्या पुढल्या चळवळीस खेडोपाडीं जीं ओळखीचीं घरें मिळालीं, त्यांची पायवाट अशा फेऱ्यांनींच पडली असावी, असा आमचा तर्क आहे. गरिबीचें समर्थन म्हणून हें कोणी घेऊं नये.

या भागांतील कागदांवर १९९३ सालीं मोठा घाला आला. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीचा शीण उतरण्यापूर्वींच, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील बावन्न गांवें पार उद्ध्वस्त झालीं, हजारों माणसें गेलीं. लोहारे-उमरगे हा टापू त्याच्या तडाख्यांतला. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाची घरें माणसांवर कोसळलीं, तेथें भिंतींतल्या कोनाड्यांतील दप्तरांचा विचार कोण करणार? मदतीचा ओघ चोहोंकडून आला. पुनर्वसनांत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनें खेड्यांतील स्त्रियांस ‘संवाद सहायक’ म्हणून पुढें आणलें, आणि त्यांतून बचत गटांच्या कामास बळ आलें. या गटांचीं हजेरीपुस्तकें व बचतीच्या वह्या म्हणजे गोवर्धनच्या श्रेणींच्या फलकाचें आजचें रूप होय. पण आमच्या संग्रहालयांतून त्यांना अद्याप जागा नाहीं.

संग्रहाची सोय होऊं शकते, याचें उदाहरण जिल्ह्यांतच आहे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे हे व्यापारी. गांवच्या पांढरींत सांपडलेलीं मातीचीं खेळणीं, मणी, नाणीं, हस्तिदंताची सुप्रसिद्ध बाहुली, असें जें जें मिळालें तें त्यांनीं पदरचा पैसा खर्चून जमविलें, आणि त्या संग्रहावर आज तेरचें शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्या नांवानें उभें आहे. हस्तिदंत पाहावयास परदेशचे पंडित आले. वर्गणीच्या वहीस तसे कोणी येणार नाहीं. ती जपावयाची ती आपणच.

यास्तव ज्यांच्या हातीं या टापूंतील असे कागद येतील त्यांच्यासाठीं वाचनाच्या कांहीं खुणा देतों. हिशेब बहुधा मोडींत असतील, सरकारी पत्रव्यवहार उर्दूंत. रुपया लिहिला असेल तर तो हाली शिक्क्याचा कीं कलदार, हें आधीं पाहावें; सात हाली म्हणजे सहा कलदार, हा ढोबळ भाव. म्हणून एखाद्यानें सात रुपयेच कां दिले असा विचार पडला, तर तो सोलापूरच्या बाजारांतला सहा रुपये मोजणारा असूं शकतो.

फसली सालांत तर पुण्याकडचे अभ्यासक हटकून फसतात. आमच्याकडील फसली मृगापासून सुरू होतो. निजामाचा सरकारी फसली आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभीं. आजूर, दै व बहमन या पहिल्या तीन महिन्यांस ५९० मिळवावे, पुढील महिन्यांस ५९१. पावतीवर ‘आषाढ, फसली १३३१’ एवढेंच असेल, तर मृगाच्या हिशेबानें तें १९२१ साल येतें व आजूरच्या हिशेबानें १९२२. शाळा निघाली १९२१ सालीं. तेव्हां ती पावती स्थापनेच्या वेळची कीं दुसऱ्या वर्षाची, याचा निकाल या एकाच गोष्टीवर लागावयाचा. पावतीच्या तळाशीं वसूल करणाराची सही असते, तिची नक्कल अवश्य घ्यावी. देणाराचा गांव लिहिला असेल तो जसाच्या तसा, अशुद्ध असला तरी, उतरावा. आणि नांवाचा रकाना कोरा असेल, तर आपल्या तर्कानें तो भरूं नये. तसाच कोरा उतरावा.