अल्लाह बंद : दप्तरातील भूकंप आणि जमिनीखालील विभंग

इ.स. १८१९ च्या १६ जून रोजी सायंकाळी कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. रणातील सिंदरी किल्ल्याभोवतीची जमीन खचून तेथे पाणी भरले, तर किल्ल्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटर लांबीचा मातीचा उंचवटा वर आला. सिंधमध्ये राज्यकर्त्यांनी नदीवर घातलेले बांध लोकांना ठाऊक होते. हा बांध माणसाने घातलेला नव्हता, म्हणून त्यांनी त्यास ‘अल्लाह बंद’ असे नाव दिले. फारसी ‘बंद’ आणि मराठी ‘बांध’ हे एकाच कुळातील शब्द होत.

अलेक्झांडर बर्न्स याने १८२७ व १८२८ मध्ये हा प्रदेश पाहिला. पुढे चार्ल्स लायेल याने भूशास्त्रावरील आपल्या ग्रंथात या घटनेस स्थान दिले. अहमदाबादच्या जामा मशिदीचे झुलते मिनारही याच भूकंपात कोसळले. त्यांचे बुंधे तेवढे शिल्लक आहेत.

अशा नोंदी भूकंपाची तारीख सांगतात. नोंदींच्या पूर्वी जमीन कोठे तुटली, हे मात्र मातीलाच विचारावे लागते. भूवेधी रडार (जीपीआर) हे त्याचे एक साधन होय. जमिनीवरून ओढत नेलेल्या यंत्रातून रेडिओ लहरी खाली सोडतात. थर बदलला की त्या काही अंशी परत फिरतात. परतीच्या वेळेवरून खोली काढता येते. सलग दिसणारे थर एखाद्या रेषेवर तुटून खालीवर सरकलेले आढळले, तर तेथे विभंग असण्याची शक्यता असते.

या साधनास मर्यादा आहेत. खाऱ्या, ओल्या चिखलात लहरी लवकर विरतात. त्यामुळे खुद्द रणात ते फारसे चालत नाही. कोरड्या वाळूत व गोट्यांत चित्र स्पष्ट येते. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील भूशास्त्रज्ञांनी भुजच्या दक्षिणेकडील कट्रोल टेकड्यांच्या विभंगावर याचा उपयोग केला. मात्र रडार काळ सांगत नाही. त्यासाठी चर खणून थरांचे वय काढावे लागते.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमध्ये हजारो माणसे गेली, परंतु मुख्य विभंग पृष्ठभागावर फुटलेला आढळला नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या भेगेवर विसंबता येत नाही, हा त्याचा धडा आहे. म्हणूनच वस्ती, शाळा वा धरण उभारण्यापूर्वी जुने दप्तर, लोकांनी दिलेली नावे आणि रडारचे चित्र एकत्र वाचले पाहिजे. ‘अल्लाह बंद’ हे नावही त्या अर्थी इतिहासाचे अस्सल साधन ठरते.