उलार गाडी आणि चाकांवरचं घर

एक व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. चालू ट्रेडमिलवर खेळण्यातली एक कार, तिच्या मागे जोडलेला छोटासा ट्रेलर, आणि त्या ट्रेलरवर पुढेमागे सरकवता येणारी वजनं. वजन पुढच्या बाजूला असताना कुणीतरी बोटानं ट्रेलरला टिचकी मारतं. तो एकदोनदा हलतो आणि सरळ होतो. मग तेच वजन मागे सरकवतात. तशीच टिचकी. आता ट्रेलर डोलायला लागतो, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो, आणि शेवटी तो पुढच्या कारलाही घेऊन आडवा होतो.

या व्हिडिओखाली लोक ‘फिजिक्स!’ असं लिहून मोकळे होतात. मला मात्र त्यात एक मोठा इतिहास दिसतो. आजचा भाग त्याबद्दल आहे: मागे ओढायच्या गाडीत सामान कुठे ठेवायचं हे ज्ञान माणसाकडे शेकडो वर्षं होतं, मग इंजिन आलं, आणि ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं.

आपल्याकडे यासाठी शब्द आहे

गावाकडे आजोबा-पणजोबा बैलगाडी हाकत असतील तर त्यांना विचारा, ‘गाडी उलार झाली’ म्हणजे काय? काही भागांत ‘उलाळ’ म्हणतात. दोन चाकांच्या गाडीत आसाच्या मागे ओझं जास्त झालं की मागची बाजू खाली बसते, धुरा वर उचलली जाते, तिच्याबरोबर जू वर जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. उलटं झालं, म्हणजे पुढे ओझं जास्त झालं, की गाडी धुरजड होते आणि सगळा भार बैलांच्या मानेवर येतो.

चांगला गाडीवान या दोन्हींच्या मधलं माप साधायचा. कडब्याच्या पेंढ्या रचताना तो जू हातानं उचलून बघायचा. थोडं वजन मानेवर हवं, पण थोडंच. रिकाम्या-भरल्या गाडीत तो स्वतः पुढे-मागे सरकून बसायचा, म्हणजे त्याचं स्वतःचं शरीरही तोलाचा भाग असायचं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. बैलगाडीत चूक झाली तर ती जागच्या जागी कळते. गाडी निघायच्या आधीच बैल सांगतो.

डॉक्टरांचं फिरतं घर

आता जाऊया ब्रिटनमध्ये. ‘कॅराव्हॅन’ हा शब्द मूळचा फारसी ‘कारवान’, म्हणजे आपला कारवाँ, वाळवंटातला काफिला. इंग्रजीत तो आधी झाकलेल्या मोठ्या गाडीसाठी वापरला जाऊ लागला आणि पुढे त्याचंच शेपूट तुटून ‘व्हॅन’ झालं. म्हणजे तुमची स्कूल व्हॅनसुद्धा वाळवंटातून आली आहे म्हणा!

ब्रिटनमध्ये रोमा लोक आणि जत्रांमधले खेळवाले एकोणिसाव्या शतकात अशा गाड्यांमध्ये राहत होते. पण हौस म्हणून असं घर बांधून घेणारा प्रसिद्ध माणूस म्हणजे डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स. हे स्कॉटिश, आधी नौदलात डॉक्टर, नंतर मुलांसाठी साहसकथा लिहिणारे. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टल वॅगन वर्क्स या कंपनीकडून ‘द वाँडरर’ नावाची गाडी करून घेतली आणि दोन घोडे जुंपून इंग्लंडहून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले. पुढचा रस्ता कसा आहे हे बघायला त्यांचा एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जायचा. त्या काळचं गूगल मॅप्सच. ही गाडी आजही जपून ठेवलेली आहे.

‘वाँडरर’ चार चाकांची होती. चार चाकांवर गाडी स्वतःचा तोल स्वतः सांभाळते. शिवाय वेग घोड्याच्या चालीचा. त्यामुळे स्टेबल्स यांची खरी काळजी चढ-उताराची होती, इतकी जड गाडी घोड्यांना चढावर ओढता येईल का आणि उतारावर आवरेल का, ही. सामान नेमकं कुठे ठेवलंय हा तेव्हा जीवन-मरणाचा प्रश्न नव्हता.

घोडा गेला, कार आली

पहिलं महायुद्ध संपलं आणि चित्र बदललं. १९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एक्लेस कंपनीनं कारमागे ओढायच्या कॅराव्हॅन बनवायला सुरुवात केली. आता चाकं दोन, आणि पुढचं टोक कारच्या हुकावर टेकलेलं. थोडक्यात, बैलगाडीचाच आराखडा परत आला. जूच्या जागी हुक आणि बैलांच्या जागी इंजिन.

सुरुवातीला फार बिघडलं नाही, कारण ब्रिटनमध्ये १९०३ ते १९३० पर्यंत गाड्यांना ताशी २० मैलांचीच मर्यादा होती. पण गाड्या दमदार होत गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर सॅम आल्पर यांच्या ‘स्प्राइट’सारख्या स्वस्त, हलक्या कॅराव्हॅन आल्या आणि मध्यमवर्ग चाकांवरचं घर घेऊन सुट्टीला निघाला. १९५९ साली एम-वन हा लांबलचक, सरळ, वेगवान महामार्ग सुरू झाला.

आणि इथेच ती जुनी चूक नव्या रूपात समोर आली. कारला गळा नसतो. मागे ओझं जास्त झालं तर ती हंबरत नाही, थांबत नाही. घरासमोरून निघताना सगळं छान वाटतं. ताशी ३० मैलांवर छान, ४० वर छान. मग एका ठरावीक वेगाच्या पुढे, शेजारून मोठा ट्रक जातो, त्याच्या हवेचा धक्का बसतो, आणि मागचं घर सापासारखं वळवळायला लागतं. इंग्रजीत याला ‘स्नेकिंग’च म्हणतात.

कारण असं. कॅराव्हॅन हुकाभोवती लंबकासारखी झुलू शकते. हळू चालताना टायरची रस्त्यावरची पकड प्रत्येक झोका शांत करते. वेग वाढतो तसा हा शांत करणारा परिणाम कमी होत जातो. एका वेगानंतर तो संपतो, आणि मग झोके लहान होण्याऐवजी मोठे होतात. वजन मागे असेल तर हा धोक्याचा वेग बराच खाली येतो. म्हणजे बैलगाडीत अंगणातच कळणारी चूक आता महामार्गावर, भर वेगात, बायका-पोरं गाडीत असताना कळायला लागली.

अंदाजाचं आकड्यात रूपांतर

मग गाडीवानाच्या हाताला जे कळायचं ते कागदावर मांडावं लागलं. कॅराव्हॅनचं नाक हुकावर किती दाब देतं, त्याला ‘नोजवेट’ म्हणतात. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण सल्ला असा, की हा दाब भरलेल्या कॅराव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा. १२०० किलोची कॅराव्हॅन असेल तर साधारण ६० ते ८४ किलो. कारच्या हुकाची मर्यादा त्याहून कमी असेल तर ती पाळायची. अमेरिकेत ट्रेलरसाठी १० ते १५ टक्के सांगतात.

मोजायचं कसं? बरेच लोक बाथरूममधला वजनकाटा घेतात, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करतात आणि नाक त्यावर टेकवतात. जू हातानं उचलून बघणाऱ्या गाडीवानाचाच हा पुढचा अवतार.

दुसरा आकडा ८५ टक्क्यांचा. नवख्या माणसानं भरलेली कॅराव्हॅन आपल्या रिकाम्या कारच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड ठेवू नये. कार १५०० किलोची तर कॅराव्हॅन १२७५ पर्यंत. शेपटीनं कुत्र्याला हलवू नये, इतकं साधं.

पण आकड्यांतून एक गोष्ट निसटते, आणि मला वाटतं आजच्या भागातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. समजा, तुम्ही मागच्या टोकाला सायकली बांधल्या. नाक हलकं झालं. म्हणून पुढच्या टोकाला गॅसच्या दोन जड टाक्या ठेवल्या. वजनकाटा म्हणतो, आकडा बरोबर! तरीही गाडी धोकादायकच आहे.

करून बघा. दोन्ही हातांत पाण्याची एक-एक भरलेली बाटली घ्या, छातीशी धरा आणि कमरेतून डावी-उजवीकडे वळा. सोपं आहे. आता हात लांब करून तसंच वळा. वळायला जोर लागतो, आणि थांबायलाही. आसापासूनचं अंतर दुप्पट झालं की वजनाचा हा परिणाम चौपट होतो. टोकांना वजन असलेली कॅराव्हॅन एकदा डोलायला लागली की थांबता थांबत नाही. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात जॉस डार्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम बनवलेल्या ट्रेलरवर चाचण्या घेतल्या. २००९ साली छापलेल्या त्यांच्या कामात हेच दिसलं, की वजन किती पसरलंय, नाकावर दाब किती आहे आणि आस कुठे आहे, यावर वेगातली स्थिरता फार अवलंबून असते.

म्हणून सामान भरायची रीत अशी: जड वस्तू जमिनीवर, आसाच्या वर किंवा किंचित पुढे. मध्यम वजनाच्या त्यांच्या आजूबाजूला, खालीच. वरच्या कपाटांत फक्त कपडे, उशा, चिप्सची पाकिटं. पाण्याची टाकी प्रवासात रिकामी. आणि सगळं घट्ट बांधलेलं, कारण सरकणारं सामान तोलही सरकवतं.

आणि तरीही डोलायला लागलीच तर? जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग उलटसुलट फिरवून तिला सरळ करायला जाऊ नका, तुमचा हात नेहमी अर्धा झोका मागे राहतो. ॲक्सिलरेटरवरून पाय हलकेच काढा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. ब्रिटनचा हायवे कोडही वेग हळूहळू कमी करायलाच सांगतो. धोका वेगामुळे जागा झाला, तो वेग उतरला की झोपतो.

हे आपल्याला कशाला?

लंडन किंवा मेलबर्नहून ऐकणाऱ्यांना सुट्टीत हे थेट उपयोगी पडेल. पण कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींनो, उसाच्या हंगामात फडातून कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर आठवा. चढावर मागच्या ओझ्यानं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात, तेव्हा स्टिअरिंग नावालाच उरतं. तोच आस, तोच हुक, तोच नियम. गावातल्या दोन चाकी ट्रॉलीत खत, सिमेंट किंवा वऱ्हाड भरताना प्रश्नही तोच: ओझं कुठे आहे?

बैलगाडी रस्त्यावरून जवळजवळ गेली. तिच्याबरोबर ‘उलार’ आणि ‘धुरजड’ हे शब्दही चाललेत. मला त्याची हळहळ केवळ भाषेसाठी वाटत नाही. ज्या पोराला ‘उलार’ माहीत आहे, त्याला ट्रॉली भरताना कुणी वेगळं समजवावं लागत नाही. एका शब्दात सगळा इशारा बसलेला आहे.

तर या आठवड्याचं काम. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, मागे जड झालेल्या गाडीला तुमच्याकडे काय म्हणायचे? उत्तर व्हॉइस नोट करून आम्हाला पाठवा, त्यांच्याच आवाजात. पुढच्या भागात ऐकवतो. तोवर गाडी सांभाळून भरा, सांभाळून चालवा. भेटूया.