समुद्रतारांची कसोटी आणि विद्युत्परिमाणांची नावे

‘कसोटी’ हा शब्द सोनाराच्या कषपट्टिकेवरून आला, हे सर्वविदित आहे. परंतु या व्युत्पत्तीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. केवळ दगडावर रेघ ओढून सोन्याचा कस कळत नाही. ज्याचा कस आधीच ठाऊक आहे अशा सोन्याची रेघ शेजारी असावी लागते. २०१७ साली भारतीय तार-नियमांत दुरुस्ती होऊन दूरसंचार-उपकरणांची परीक्षा व प्रमाणपत्र अनिवार्य ठरविण्यात आले. अशा नियमांत व्होल्ट, ओहम इत्यादी शब्द आपण सहज वाचून जातो. ही शेजारची रेघ प्रथम कशी ओढली गेली, याचा विचार येथे करावयाचा आहे. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने अभियंत्यांच्या प्रांतात शिरण्याचे कारण पुढे यथावकाश दिसेल.

५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंडमधील व्हॅलेन्शिया व न्यूफाउंडलंड यांना जोडणारी तार टाकून पूर्ण झाली. १६ ऑगस्ट रोजी राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले. या तारेने केलेले सर्वांत उपयुक्त काम मात्र हिंदुस्थानाशी निगडित होते. १८५७च्या उठावामुळे उत्तर अमेरिकेतील दोन पलटणींना परत बोलावण्यात आले होते. तो हुकूम तारेनेच रद्द झाला व सरकारचे सुमारे ५०,००० पौंड वाचले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबरच्या आरंभी, तार निकामी झाली.

या अपयशाचे खापर तारकंपनीचा विद्युत्तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस याच्या माथी फोडण्याचा प्रघात आहे. तो मूळचा शस्त्रवैद्य. मोठमोठ्या प्रवर्तन-वेटोळ्यांनी त्याने तारेवर प्रचंड दाब दिला. विल्यम टॉमसनच्या सौम्य विद्युत्घटांची व आरसा-गॅल्व्हनोमापकाची पद्धती त्यास मान्य नव्हती. हा दाब सुमारे २,००० व्होल्ट असावा असे म्हणतात. परंतु १८५८ साली ‘व्होल्ट’ हा शब्दच अस्तित्वात नव्हता! व्हाइटहाउसला दोषमुक्त करण्याचा माझा हेतू नाही. तथापि ज्या मर्यादेचे उल्लंघन झाले म्हणावयाचे, ती मर्यादा करारात लिहिण्याजोगी भाषाच तेव्हा उपलब्ध नव्हती, ही गोष्ट आरोपपत्र लिहिणारे विसरतात.

तार मुळातच सदोष होती. तिचे लोखंडी वेष्टन दोन कारखान्यांत तयार झाले. एकाने पीळ उजवा दिला, दुसऱ्याने डावा, आणि ही विसंगती काम उरकल्यावर ध्यानात आली. ग्रीनविच येथे तारेचा काही भाग उन्हात पडून राहिला. गटापर्चा मऊ होऊन आतील तांबे मध्यभागापासून सरकले. संपूर्ण तार पाण्यात बुडवून तपासण्याची तसदी कोणी घेतली नाही. तांब्याविषयी तर अज्ञान अधिकच गाढ होते. तांबे ते तांबे, अशी समजूत होती. निरनिराळ्या कारखान्यांच्या तांब्याच्या वाहकतेत मोठे अंतर असल्याचे टॉमसनने १८५७मध्ये दाखविले, आणि ठराविक वाहकतेचेच तांबे स्वीकारावे असा आग्रह धरला. त्यासाठी कारखान्यातच नित्य परीक्षण सुरू झाले. कराराच्या अटीशी माल ताडून पाहण्याच्या आधुनिक पद्धतीचे बीज येथे आहे, असे मला वाटते.

लाल समुद्रातून अदनमार्गे कराचीस येणारी १८५९–६०ची तारही अशीच बुडाली. तिच्या भांडवलावर ब्रिटिश सरकारने ५० वर्षांची हमी दिली होती. मुक्या तारेपायी वर्षाला ३६,००० पौंड मोजण्याची पाळी आली. तेव्हा मात्र चौकशीस जोर चढला. व्यापारमंडळ व अटलांटिक तारकंपनी यांच्या संयुक्त समितीने कॅप्टन डग्लस गॅल्टन यांच्या अध्यक्षतेखाली डिसेंबर १८५९पासून साक्षी घेतल्या; १८६१मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. तोवर टाकलेल्या ११,३६४ मैल समुद्रतारांपैकी जेमतेम ३,००० मैल चालू होत्या. अटलांटिक तारेच्या नाशाची कारणे समितीने प्रयोगसिद्ध माहितीवाचून केलेली रचना, देखरेखीवाचून झालेले उत्पादन आणि नंतरची निष्काळजी हाताळणी यांत शोधली. समितीसाठी मॅथिसनने केलेल्या तांब्याच्या परीक्षणात स्पेनमधील रिओ टिंटोच्या तांब्याची वाहकता शुद्ध तांब्याच्या सुमारे १४ टक्केच भरली.

आता शब्दांकडे वळू. रोध मोजावयाचा कशाने? कोणी अमुक जाडीच्या एक मैल तारेचा रोध एकक मानी, तर सीमेन्सने १८६०मध्ये पाऱ्याचा स्तंभ पुढे केला. एकाचा आकडा दुसऱ्यास निरर्थक. १८६१ साली मँचेस्टर येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे लॅटिमर क्लार्क व चार्ल्स ब्राइट या दोन तार-अभियंत्यांनी निबंध वाचून परिमाणांना शास्त्रज्ञांची नावे देण्याची सूचना केली. गंमत अशी की, त्यांनी ‘ओहमा’ हे नाव दाबाला व ‘व्होल्ट’ हे रोधाला दिले होते. आजच्या नेमके उलट! नाव व अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, या आमच्या शास्त्रातील सिद्धान्ताला याहून नेटके उदाहरण क्वचितच सापडेल. त्याच वर्षी असोसिएशनने नेमलेल्या मानक-समितीने रोधाचे एकक प्रयोगाने निश्चित केले. मॅक्सवेलही त्या कामात होता. १८६५पासून प्रमाण-वेटोळी वितरित होऊ लागली. त्या एककाचे ‘ओहमाड’ हे नाव लवकरच झिजून ‘ओहम’ झाले.

दरम्यान १८६४ची इराणच्या आखातातील तार आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची. ब्राइट व क्लार्क हेच तिचे अभियंते. गटापर्चाचा निरोधक गुण उष्णतेने झपाट्याने घटतो. म्हणून तारेचा प्रत्येक तुकडा ७५ अंश फॅरेनहाइटच्या पाण्यात ठेवून मगच तपासला जाई. तपमान सांगितल्यावाचून रोधाचा आकडा सांगण्यात अर्थ नाही, हे शहाणपण लाल समुद्राने शिकविले होते. ती तार शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून प्रथम मुंबई बंदरात आली व तेथून आखाताकडे गेली.

फेब्रुवारी १८७०मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अजस्र जहाज मुंबईहून अदनकडे तार टाकीत निघाले. उन्हाने तार बिघडू नये म्हणून जहाजास पांढरा रंग दिला होता, आणि पोटातील टाक्यांत तार पाण्यात बुडवून ठेवलेली होती. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई लंडनशी समुद्रमार्गे जोडली गेली.