दोन पिढ्यांची उडी

इंदूरहून धारला जाणारा रस्ता आमच्या बेटम्यावरून जातो. बाहेरच्यांना बेटमा ठाऊक असतं ते गुरुद्वाऱ्यामुळे. गुरू नानक इथे आले आणि इथल्या बावडीचं खारं पाणी गोडं झालं, अशी श्रद्धा आहे. आमच्या घरात मात्र या रस्त्याची आणखी एक ओळख होती. इंदूर होळकरांचं, धार आणि देवास पवारांचं. तिन्हीकडे मराठी दरबार, मराठी कारकून, वकील, मास्तर, आणि म्हणून मराठी नाटकाचा हक्काचा प्रेक्षक. आगगाडी इंदूरपर्यंत होती, धारला नव्हती. आजी सांगायची, कंपनीचा इंदूरचा मुक्काम हलला की पडद्यांच्या गुंडाळ्या आणि कपड्यांच्या पेट्या लादलेल्या गाड्या धारकडे निघत, आणि गावातली पोरं रस्त्याकडेला उभी राहून यातला राजा कोण आणि राणी कोण ते ओळखू पाहत. राणीलाही मिशी असे, फक्त ती रोज सकाळी काढलेली असे.

मी बेटम्याच्या हिंदी शाळेत इतिहास शिकवला आणि घरी मराठीत वाढले. नाटकातला नट सिनेमाचा तारा झाला, ही गोष्ट आपण एका माणसाच्या एका उडीसारखी सांगतो. काल रंगमंचावर होता, आज पोस्टरवर आहे. मराठी कंपन्यांचा इतिहास वाचताना मला वेगळंच दिसत गेलं. ज्यांचं नाव सर्वांत मोठं होतं त्यांनाच ही उडी सर्वांत जड गेली. पुष्कळदा पहिल्या पिढीने उडी घेतली आणि पलीकडच्या काठावर पाय टेकला तो पुढच्या पिढीचा.

याचं सर्वांत ठळक उदाहरण आमच्या इंदूरचंच आहे. 28 सप्टेंबर 1929 रोजी इंदूरच्या शीख मोहल्ल्यात मास्टर दीनानाथ मंगेशकरांना मुलगी झाली. तिचं नाव आधी हेमा होतं, पुढे लता झालं. हे नाव गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून आलं, आणि रंगमंचावरची लतिका होते खुद्द दीनानाथ. स्वतः वठवलेल्या स्त्रीभूमिकेची आठवण बापाने लेकीच्या नावात ठेवली. माळव्यातल्या माणसांना लताबाई इथल्या म्हणून अभिमान आहे. मध्य प्रदेश सरकार 1984 पासून त्यांच्या नावाने पुरस्कार देतं आणि त्याचा सोहळा इंदूरला होतो. पण त्या जन्मामागे एक नाटक कंपनी उभी होती, हे आमच्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

ती कंपनी म्हणजे बलवंत संगीत मंडळी. 1918 साली दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी ती काढली. अण्णासाहेब किर्लोस्करांचं पाळण्यातलं नाव बळवंत, तेच कंपनीला दिलं. दीनानाथ तेव्हा अठरा वर्षांचेही नव्हते. गडकरी जानेवारी 1919 मध्ये गेले, पण त्याआधी ‘भावबंधन’ लिहून झालं होतं. चिंतामणरावांचा घनश्याम आणि दीनानाथांची लतिका यांनी ते नाटक गावोगाव गाजवलं. पुढे 1927 साली वीर वामनराव जोशांचं ‘रणदुंदुभी’ आलं, 1931 साली सावरकरांचं ‘संन्यस्त खड्ग’. दीनानाथांचा आवाज धारदार, तान झपाट्याची. मायक्रोफोन नव्हता, तरी शेवटच्या रांगेतला माणूस खुर्चीत सरसावून बसे. प्रेक्षकांनी वन्समोअर मागितला की पद पुन्हा होई, दर वेळी नव्या अंगाने. नाटक रात्री सुरू होई आणि पहाटे संपे.

अशी कंपनी पोसायला काय लागे, याचा विचार आपण करत नाही. नट, गवई, सारंगिये, तबलजी, पडदे ओढणारे, शिंपी, आचारी, त्यांची बायकामुलं, असं लग्नाच्या वऱ्हाडाएवढं बिऱ्हाड गावोगाव फिरे. प्रयोग लागला तरी सगळे जेवत, पाऊस पडून प्रयोग बुडाला तरी जेवतच. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ हा बोलपट लागला आणि हे गणित कोसळू लागलं. दीनानाथ एका रात्री एकाच गावात गाऊ शकत. बोलपटाचे डबे त्याच रात्री इंदूरला, पुण्याला आणि नागपूरला गाणं ऐकवत होते, तेही कमी दरात. त्यातल्या कुणालाही जेवू घालावं लागत नव्हतं.

बलवंत मंडळीने मग धाडसाचा निर्णय घेतला. एकट्या नटाने सिनेमात जायचं नाही, अख्ख्या कंपनीने जायचं. सांगलीला बलवंत पिक्चर्स उभी राहिली. न. चिं. केळकरांच्या नाटकावरून 1934 साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ मराठी आणि हिंदीत निघाला. दिग्दर्शनात चिंतामणरावांसोबत विश्राम बेडेकर होते, ज्यांचं ‘ब्रह्मकुमारी’ हे नाटक कंपनीने आदल्याच वर्षी केलं होतं. चित्रपट चालला नाही. कंपनी कर्जात गेली, भागीदार पांगले, आणि मंगेशकर कुटुंब पुढे सांगली सोडून पुण्याला आलं. 24 एप्रिल 1942 रोजी दीनानाथ पुण्यात वारले. वय अवघं एक्केचाळीस.

या अपयशाचा दोष दीनानाथांच्या कलेला देणं मला पटत नाही. त्यांनी वाट बरोबर ओळखली होती. पण त्यांनी सोबत नेलं ते सगळं रंगभूमीचं होतं: माणसं, संहिता, बोलण्याची फेक, गाण्याचा विस्तार. बोलपटात पद दोन-तीन मिनिटांत संपवावं लागे आणि वन्समोअर द्यायला समोर कुणीच नसे. जो गवई प्रेक्षकांच्या दादेवर फुलतो, त्याला रिकाम्या स्टुडिओत तंत्रज्ञांसमोर गायला लावणं म्हणजे त्याचं अर्धं बळ काढून घेणं होतं.

स्त्रीभूमिकांसाठी गाजलेल्या बालगंधर्वांचं, म्हणजे नारायणरावांचं, दुःख याहून वेगळं. ‘प्रभात’ फिल्म कंपनीने त्यांना बोलावलं आणि व्ही. शांतारामांनी 1935 साली ‘धर्मात्मा’ काढला. नाव आधी ‘महात्मा’ होतं. ते गांधीजींकडे बोट दाखवतं म्हणून सेन्सॉरने बदलायला लावलं. हेच शांताराम पोरवयात बालगंधर्वांच्याच गंधर्व नाटक मंडळीत काम करायला होते. कंपनीतला पोरगा कॅमेऱ्यामागे आणि कंपनीचा मालक कॅमेऱ्यापुढे, एवढं जग वीस वर्षांत फिरलं होतं. नारायणराव तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे. थिएटरच्या अंतरावरून आणि दिव्यांच्या मेहेरबानीने त्यांची सुभद्रा अजूनही सुभद्रा दिसे, पण कॅमेरा जवळ येतो. म्हणून शांतारामांनी त्यांना संत एकनाथांची, म्हणजे पुरुषाची भूमिका दिली. दिग्दर्शक म्हणून तो निर्णय योग्यच होता. पण माझ्या आजीसारख्या प्रेक्षकांना नारायणरावांचं एकनाथ होणं पाहवेना. चित्रपट इंदूरला लागला तेव्हा आजोबांनी तिला मुद्दाम नेलं. ती म्हणायची, “गाणं त्यांचंच होतं गं, पण ज्यांना बघायला आम्ही बेटम्याहून जायचो, त्या बाई कुठे होत्या?” ‘प्रभात’बरोबरचा संबंध त्या एकाच चित्रपटावर संपला. 1937 साली ‘साध्वी मीराबाई’मध्ये त्यांनी पडद्यावर मीरा केली. तोवर पडद्यावर खऱ्या स्त्रिया स्थिरावल्या होत्या आणि पुरुषाने केलेल्या नायिकेला तिथे जागा उरली नव्हती. बालगंधर्व रंगभूमीवर परतले.

मग तरलं कोण? ज्यांच्याजवळ सोडून देण्यासारखा जुना लौकिक थोडा होता किंवा जे तो सोडायला तयार होते, ते. विष्णुपंत पागनीस तरुणपणी नाटकात स्त्रीभूमिका करत. पुढे ते मुंबईत शाळेत संगीत शिकवत होते. ‘प्रभात’च्या दामले-फत्तेलाल यांनी त्यांना तुकाराम केलं. त्या देहबोलीत जो मऊपणा स्त्रीभूमिकांनी मुरवला होता, तोच तुकोबाच्या लीनतेत उतरला, असं मला ‘संत तुकाराम’ पाहताना दर वेळी वाटतं. डिसेंबर 1936 मध्ये तो मुंबईत लागला आणि वर्षाहून अधिक काळ एकाच थिएटरात चालला. 1937 च्या व्हेनिस महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. त्याची किंमतही पागनीसांनी मोजली. लोकांनी त्यांना संतपदावरून खाली उतरू दिलं नाही. ‘संत तुलसीदास’, ‘नरसी भगत’ अशाच भूमिका त्यांच्या वाट्याला आल्या आणि 1943 साली ते गेले.

केशवराव दाते यांच्याबद्दल मला सर्वांत जास्त आदर आहे. ते महाराष्ट्र नाटक मंडळीचे, म्हणजे गद्य नाटकांच्या परंपरेतले. त्यांचा जोर गाण्यावर नव्हता, वाक्यावर होता, आणि वाक्यापेक्षाही वाक्यामधल्या थांबण्यावर. 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने रंगमंचावरचं बोलणं घरातल्या बोलण्याजवळ आणलं, त्यातही दाते होते. पुढच्याच वर्षी ‘अमृतमंथन’ चित्रपटात त्यांनी राजगुरू केला. हिंदी आवृत्तीत ही भूमिका चंद्रमोहन यांनी केली. पडदाभर फक्त राजगुरूचा डोळा दिसतो ते दृश्य आजही सिनेमा शिकणाऱ्यांना दाखवलं जातं. रंगमंचावर डोळ्यांचं काम पहिल्या चार रांगांच्या पलीकडे पोचत नाही. कॅमेऱ्याने ते पोचवलं. 1937 च्या ‘कुंकू’मध्ये तर दात्यांचे काकासाहेब आवाज न चढवता हरतात. म्हाताऱ्या नवऱ्याची ती शरम आजच्या नटांनीही बसून पाहावी अशी आहे.

नाटकाकडून सिनेमाकडे फक्त नट गेले, असंही नाही. ज्या बाबुराव पेंटरांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल आणि शांताराम तयार झाले, ते मुळात नाटकांचे पडदे रंगवत. ‘अयोध्येचा राजा’मध्ये 1932 साली हरिश्चंद्र झाले ते गोविंदराव टेंबे, गंधर्व मंडळीचे एक संस्थापक आणि हार्मोनियमचे नामवंत वादक. मराठी बोलपटाचं घरच नाटकाच्या सामानातून बांधलेलं आहे.

आणि सर्वांत आधी गेल्या त्या दोन बायका. ज्या काळी कुलीन म्हणवणाऱ्या घरातल्या स्त्रीने रंगमंचावर पाऊल ठेवणंही पाप होतं, तेव्हा दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला नाटक कंपनीबरोबर फिरत होत्या. 1913 साली फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये आईला पार्वती केलं आणि लेकीला मोहिनी. भारतीय सिनेमाच्या इतिहासात या दोघींचं नाव पहिल्या पानावर आहे. तरीही ही कमला, म्हणजे पुढच्या कमळाबाई गोखले, तारका झाल्या नाहीत. त्या पुन्हा नाटकाकडे वळल्या, मुलं वाढवली. त्यांचे चिरंजीव चंद्रकांत गोखले नाटक-सिनेमा दोन्हीत वावरले आणि नातू विक्रम गोखले दोन्हीकडे मोठे झाले.

मंगेशकरांच्या घरीही हेच घडलं. दीनानाथ गेल्यावर चित्रपट दिग्दर्शक मास्टर विनायकांनी कुटुंबाला हात दिला. लताबाई 1942 साली ‘पहिली मंगळागौर’मध्ये कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या, नंतर ‘माझे बाळ’मध्ये, ‘गजाभाऊ’मध्ये. रंग फासून उभं राहणं त्यांना मनापासून आवडलं नाही, हे त्यांनीच पुढे अनेकदा सांगितलं. त्यांनी चेहरा मागे घेतला आणि आवाज पुढे केला. जो मायक्रोफोन बापाला अनोळखी राहिला, त्याच्यासमोर लेकीने दीनानाथांची तालीम दोन-तीन मिनिटांत बसवून दाखवली. बलवंत मंडळीची उडी तेव्हा पूर्ण झाली.

आज इंदूरच्या मुलाला एवढी वाट पाहावी लागत नाही. गायक आईवडिलांच्या पोटी इंदूरात वाढलेले स्वानंद किरकिरे राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून मुंबईला गेले. गीतकार म्हणून त्यांना दोन वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ‘चुंबक’ या मराठी चित्रपटातल्या अभिनयासाठी आणखी एक. नाटक, गाणं, पडदा हे सगळं एकाच माणसात आलं. आनंद वाटतो, पण या सोयीचा पाया कुणी घातला तेही आठवतं.

या सगळ्यात माळव्याचं नाव शोधू लागलं की फार कमी सापडतं. कंपन्यांचे मुक्काम आमच्याकडे पडत, पण लिहिलं गेलं ते पुण्या-मुंबईत. इंदूर, देवास, धार, महू आणि आमच्या बेटम्यातल्या जुन्या मराठी घरांत त्या काळच्या पद्यावल्या, हँडबिलं, मुक्कामात काढलेले फोटो अजून असणार. आमच्याकडे ‘भावबंधन’ची एक पद्यावली होती. घर रंगवताना ती रद्दीत गेली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. तुमच्याकडे असं काही असेल तर फोटोच्या मागे पेन्सिलीने गाव आणि साल लिहा, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला नावं विचारून घ्या, आणि तो कागद जवळच्या मराठी ग्रंथालयात नेऊन द्या. ती नावं सांगू शकणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.