नाणेघाटापासून कचेरीपर्यंत : विध्यर्थाची वाटचाल

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून सह्याद्री चढून जुन्नरकडे जाणारा नाणेघाट, ज्या वाटेने सातवाहनांच्या काळी कोकणातील बंदरांचा माल देशावर जात असे, तो व्यापाराच्या इतिहासात जितका प्रसिद्ध आहे तितकाच भाषेच्या इतिहासातही मोलाचा आहे. कारण घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेच्या नावाने ओळखला जाणारा, ब्राह्मी लिपीतील जो प्राकृत शिलालेख आहे, त्यात अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची नोंद असून, आपल्या क्रियापदाच्या स्थित्यंतराचाही माग तेथे लागतो.

पाणिनीने यज्ञाच्या क्रियापदाची दोन रूपे मानली होती. यजमान स्वतःसाठी यज्ञ करीत असेल तर ‘यजते’, आणि ऋत्विज दुसऱ्यासाठी करीत असेल तर ‘यजति’. क्रियेचे फळ कर्त्याच्याच पदरी पडते तेथे आत्मनेपद, आणि परक्याकडे जाते तेथे परस्मैपद. नाणेघाटाच्या लेखात मात्र यज्ञ ‘केला गेला’ अशा धाटणीचे कर्मणी कृदंत येते. प्राकृतांतून आत्मनेपद जवळजवळ लोपले, आणि कर्त्याचा स्वार्थ दाखविण्याचे काम भाषेला अन्य साधनांकडे सोपवावे लागले. मराठीने ते ‘घेणे’ या सहायक क्रियापदाकडे दिले. ‘हात धुतो’ आणि ‘हात धुवून घेतो’ यांतील अंतर हे त्या प्राचीन भेदाचे आपल्या बोलीतील स्मरण होय.

दूर युरोपात हीच घटना वेगळ्या रीतीने घडली. लॅटिनमध्ये ‘लावातुर’ या एकाच रूपात धुतले जाणे आणि स्वतःला धुणे हे दोन्ही अर्थ सामावत. ती रूपे कालांतराने नष्ट झाली आणि लॅटिनपासून निघालेल्या स्पॅनिश भाषेने ‘से’ हे छोटे आत्मवाचक सर्वनाम क्रियापदाला जोडून ती उणीव भरून काढली. ‘त्याने हात धुवून घ्यावेत’ असे आपण जेथे म्हणू, तेथे स्पॅनिश मनुष्य ‘के से लाबे लास मानोस’ असे म्हणतो. ‘से’ने फळ कर्त्याकडे वळते, आणि ‘लाबा’चे ‘लाबे’ होताच विधानाची इच्छा किंवा अपेक्षा होते. हा शेवटचा स्वरबदल स्पॅनिशला लॅटिनकडून वारसाहक्काने मिळाला. आपल्याकडे मात्र संस्कृतातील विधिलिङाची, म्हणजे इच्छा-अपेक्षा दाखविणारी, रूपे मराठीपर्यंत पोचली नाहीत; मराठीने आपला विध्यर्थ ‘कर्तव्य’ या शब्दातील ‘तव्य’ प्रत्ययापासून नव्याने घडविला, आणि ‘करावे’, ‘यावे’, ‘बसावे’ ही रूपे जन्मास आली. म्हणूनच आपल्या विध्यर्थात केवळ इच्छा नसून कर्तव्याचा भारही आहे, आणि सकर्मक क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते.

या दोन परंपरा राज्यकर्त्यांच्या नात्याने ठाणे प्रांताच्या सीमेवर एकमेकींच्या शेजारी आल्या. १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या राजाकडे असल्याने वसई आणि साष्टीचा किनारा त्याच्याच अमलाखाली होता. घाटाखालचा आपला शहापूर-मुरबाडचा मुलूख मात्र निजामशाहीत राहिला, आणि १६३६ मध्ये शहाजीराजांनी शहापूरजवळच्या माहुली किल्ल्यावरून शेवटचा प्रतिकार केला. त्याच कालखंडात गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने कोंकणी भाषेचे व्याकरण पोर्तुगीजमधून सिद्ध केले, जे त्याच्या निधनानंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. कास्तिलच्या, म्हणजे स्पॅनिश, भाषेचे व्याकरण नेब्रिखाने १४९२ मध्ये प्रसिद्ध केल्यापासून लॅटिनच्या चौकटीत लोकभाषा बसविण्याची जी प्रथा रूढ झाली होती, तिचेच हे पूर्वेकडील फळ होय.

विध्यर्थाचे खरे वैभव मात्र मराठेशाहीच्या दप्तरांत दिसते. कल्याण प्रांतातील देशमुख, देशपांडे, मोकदम यांना जाणाऱ्या मोडी पत्रांत हुकूम, ताकीद, रयत, वसूल, हुजूर हे शब्द फारसीच्या परंपरेतून आले. राज्यव्यवहारकोशाच्या रूपाने त्यांना संस्कृत पर्याय देण्याचा यत्नही झाला. नामे अशी बदलत राहिली, तरी ज्या क्रियापदाने आज्ञा पूर्ण व्हायची ते ‘करावे’, ‘द्यावे’, ‘पाठवावे’ हेच राहिले, आणि पत्रांच्या शेवटी ‘जाणिजे’ हे त्याहून जुने कर्मणी रूप येत असे. सत्ता असूनही सत्ताधीशाने आज्ञार्थाऐवजी कर्तव्याची भाषा वापरावी, ही या राज्यव्यवहाराची सभ्यता होती. स्पॅनिशमध्येही आदरार्थी ‘उस्तेद’ हे संबोधन ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या ‘वूएस्त्रा मेर्सेद’पासून निघाले, आणि समोरच्या व्यक्तीला तृतीय पुरुषी मानून ‘सिएन्तेसे’, म्हणजे ‘आपण बसावे’, असे तीच इच्छार्थी आत्मवाचक घडण वापरून सांगितले जाते. ‘हुजुरांनी यावे’ म्हणणाऱ्या मराठी कारकुनाला या रीतीचे आश्चर्य वाटले नसते.

एकोणिसाव्या शतकापासून छापील व्याकरणांनी हा व्यवहार शास्त्रबद्ध केला. विल्यम केरीचे व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला निघाले. दादोबा पांडुरंगांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये आले. आणि मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा थोर ग्रंथ १९११ मध्ये प्रकाशित झाला. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या खंडात ठाणे जिल्ह्यातील ठाकरी, कातकरी, वारली या बोलींचीही दखल घेतली गेली, हे विशेष. ज्या मुलखाला पूर्वी कोळवण म्हणत त्या शहापुरातील रानावनांतल्या लोकांची वाणी ग्रंथस्थ होण्याचा तो मोठा प्रसंग होता.

आज शहापूर-मुरबाडच्या एखाद्या विद्यार्थ्याला स्पॅनिशमधील ‘से’चा हा इच्छार्थी प्रयोग शिकावयाचा असेल, तर त्याने प्रथम आपल्या घरी पाहुण्याला ‘जेवून घ्यावे’ असे म्हटले जाते ते कान देऊन ऐकावे. त्या दोन शब्दांत कर्त्याचे स्वतःचे हित आणि बोलणाऱ्याची आदरयुक्त अपेक्षा, दोन्ही आहेत, आणि स्पॅनिश क्रियापद ‘से’ व स्वरबदल यांनी जे साधते त्याचा बराचसा भाग तेथे अगोदरच साधलेला आहे. कचेरीच्या सूचनाफलकावर ‘आपण उपस्थित राहावे’ असे लिहिणाऱ्यानेही ते केवळ नमुन्यातले वाक्य मानू नये. सत्तेने प्रजेशी कोणत्या स्वरात बोलावे याविषयी या प्रांताने शतकानुशतके पाळलेला एक निर्णय त्यात नोंदला गेला आहे, आणि तो पुढच्या पिढीकडे जाणीवपूर्वक सोपविणे हे शिक्षकाचे आणि शासनाचे सारखेच कर्तव्य आहे.