पराभवाचे एक वर्ष

विजयाचा इतिहास लिहावयास कोणीही पुढे येतो; पराभवाचा भार मात्र बहुधा एकाच माणसाच्या खांद्यावर ठेवून लोक मोकळे होतात. राज्यांच्या आणि सेनापतींच्या बाबतीत हे जितके खरे, तितकेच क्रीडासंघांच्या बाबतीतही खरे आहे. अमेरिकेतील नोटर डेम विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने १९५६ साली दहा सामने खेळून त्यांतील आठ गमावले. संघाचे शिक्षक टेरी ब्रेनन हे त्या वेळी अवघे २८ वर्षांचे होते व त्या जागेवर येऊन त्यांना दोनच हंगाम झाले होते. त्या आठ पराभवांचे धनी कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही; आणि म्हणूनच खेळात ज्यांना गोडी नाही अशांनीही ही हकीकत ऐकण्याजोगी आहे.

प्रथम या खेळाविषयी दोन शब्द. आपल्याकडे फुटबॉल म्हणतात तो वाटोळ्या चेंडूचा, पायाने खेळण्याचा खेळ. अमेरिकेतील फुटबॉल अगदी निराळा. तेथे चेंडू लंबगोल असतो. तो हातात घेऊन पळता येते, सोबत्याकडे फेकताही येतो. प्रतिपक्षाचे गडी पळणाऱ्याच्या अंगावर झेप घेऊन त्याला पाडतात. मैदानाची लांबी १०० यार्ड. चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल मारली तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाही तर तो प्रतिपक्षाला द्यावा लागतो. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की सहा गुण, आणि त्यानंतर लाथेने तो खांबांमधून पार केला की आणखी एक. प्रत्येक चाल आधी योजलेली आणि कवायतीप्रमाणे घोटलेली असते. त्यामुळे शिक्षकाला या खेळात जे महत्त्व आहे, ते आखाड्यातील वस्तादाच्या महत्त्वाहून यत्किंचितही कमी नाही.

नोटर डेम हे इंडियाना संस्थानातील साउथ बेंड गावाजवळचे कॅथॉलिक विद्यापीठ. एडवर्ड सोरिन नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने ते १८४२ साली स्थापन केले. या छोट्याशा विद्यापीठाचे नाव अमेरिकेच्या घरोघरी पोचले ते मात्र विद्येमुळे नव्हे, तर फुटबॉलमुळे. क्नूट रॉकनी हे १९१८ पासून १९३० पर्यंत तेथील शिक्षक होते. त्यांच्या संघाने १०५ सामने जिंकले आणि केवळ १२ गमावले. १९३१ च्या मार्चमध्ये विमानाच्या अपघातात त्यांचा अंत झाला, तेव्हा सारे राष्ट्र हळहळले. १९४१ साली त्यांचेच शिष्य फ्रँक लेही शिक्षक झाले. मधली दोन वर्षे ते युद्धकार्यात होते. ती वगळता १९५३ पर्यंत त्यांनी संघ सांभाळला आणि चार वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. १९४६ ते १९४९ या चार हंगामांत तर त्यांच्या संघाला एकदाही पराभव ठाऊक नव्हता.

परंतु या यशाची किंमत जबर होती. लेही यांना दुसरे काही सुचत नसे. रात्ररात्र ते मैदानाजवळच घालवीत. १९५३ च्या ऑक्टोबरात एका सामन्याच्या मध्यंतरात ते कोसळले. प्रकृती इतकी चिंताजनक दिसली की धर्मोपदेशकाने त्यांच्यावर अंतकाळचे संस्कारही केले. ते त्यातून बचावले, पण १९५४ च्या जानेवारीअखेर त्यांनी जागा सोडली.

याच सुमारास विद्यापीठाच्या मनात निराळेच विचार घोळत होते. १९५२ साली फादर थिओडोर हेसबर्ग हे अध्यक्ष झाले होते. त्यांचे वय तेव्हा ३५ होते. नोटर डेम हे प्रथम विद्यापीठ असावे आणि मग फुटबॉलचे माहेरघर, अशी त्यांची धारणा होती; ग्रंथालय, प्रयोगशाळा, विद्वान अध्यापक यांनी संस्थेची कीर्ती वाढावी अशी त्यांची मनीषा होती. त्यांचे सहकारी फादर एडमंड जॉइस यांच्याकडे क्रीडाविभागाची देखरेख आली. फुटबॉलपटूंना देण्यात येणाऱ्या शिष्यवृत्त्यांची संख्या कमी करण्यात आली. हा निर्णय तत्त्वाला धरून होता, यात शंका नाही. पण तत्त्वाची किंमत कोणाला तरी द्यावी लागते, आणि ती पुष्कळदा निर्णय घेणाऱ्याला द्यावी लागत नाही.

लेही यांच्या जागी नेमणूक झाली ती टेरी ब्रेनन यांची. वय वर्षे २५! ते याच विद्यापीठाचे विद्यार्थी आणि लेही यांच्याच हाताखाली तयार झालेले खेळाडू. १९४७ साली आर्मी संघाविरुद्धच्या सामन्यात पहिलाच चेंडू झेलून ते ९७ यार्ड पळत गेले होते व त्यांनी गुण मिळविले होते. ती धाव पुढे दंतकथाच होऊन बसली. त्यानंतर शिकागोतील माउंट कार्मेल शाळेच्या संघाला त्यांनी लागोपाठ तीन वर्षे शहराचे अजिंक्यपद मिळवून दिले आणि त्याच काळात कायद्याची पदवीही घेतली. १९५३ साली ते नोटर डेमच्या प्रथम वर्षाच्या मुलांना शिकवू लागले आणि वर्षभरातच मुख्य शिक्षक झाले. विद्यार्थिदशेत खेळाडू म्हणून शेवटच्या तीन वर्षांत ज्याने आपल्या संघाचा एकही पराभव पाहिला नव्हता, त्या तरुणाच्या हाती आता तो संघ आला.

प्रारंभ उत्तम झाला. १९५४ साली दहांपैकी नऊ सामने जिंकले, १९५५ साली आठ. लोक म्हणू लागले की पोरसवदा गुरूने थोरल्या गुरूची गादी राखली. परंतु या विजयांत लेही यांनी जमविलेल्या खेळाडूंचा वाटा मोठा होता, हे त्या आनंदात कोणाच्या ध्यानी आले नाही.

मग उजाडले १९५६ साल. सप्टेंबरात डल्लास येथे सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाने १९-१३ असा पराभव केला. पुढच्या सामन्यात इंडियाना संघावर २०-६ असा विजय मिळाला आणि मंडळींना वाटले, ठेच लागली होती, आता पाऊल सावरले. पण त्यानंतर लागोपाठ पाच पराभव झाले. पर्ड्यू संघाने २८-१४ असे हरविले. मिशिगन स्टेटने ४७-१४ असे. २७ ऑक्टोबर रोजी ओक्लाहोमाचा संघ साउथ बेंडला आला. बड विल्किन्सन यांचा हा संघ १९५३ पासून अजिंक्य होता. सुमारे ५९ हजार प्रेक्षकांची सोय असलेल्या नोटर डेमच्या स्वतःच्या क्रीडांगणात त्याने यजमानांना ४०-० असे धुळीस मिळविले. मग नौदलाच्या संघाने ३३-७ असे आणि पिट्सबर्गने २६-१३ असे हरविले. नॉर्थ कॅरोलायनावरील २१-१४ हा विजय म्हणजे रखरखीत उन्हाळ्यातील वळवाची एक सर. कारण लगेच आयोवाने ४८-८ असा दणका दिला आणि लॉस अँजेलिस येथे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने २८-२० असा शेवटचा घाव घातला. हंगामभरात नोटर डेमचे गुण १३०, तर प्रतिपक्षांचे २८९. पराभवांची संख्या विजयांहून अधिक भरावी असे या संघाच्या बाबतीत १९३३ नंतर प्रथमच घडत होते. आणि एका हंगामात आठ पराभव तर त्यापूर्वी कधीच झाले नव्हते.

या उद्ध्वस्त हंगामात एक अपूर्व गोष्ट घडली. केंटकी संस्थानातील लुईव्हिल गावचा पॉल हॉर्नंग हा त्या संघाचा प्रमुख गडी होता. चेंडू फेकणे, तो घेऊन पळणे, लाथेने लांब धाडणे, प्रतिपक्षाने धाडलेला चेंडू झेलून परत आणणे, या सर्वांत संघात पहिला तोच. १३० पैकी ५६ गुण एकट्याने मिळविलेले. शेवटच्या सामन्यात अंगठ्यांना दुखापत झाली असतानाही तो खेळला. अमेरिकेतील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन फुटबॉलपटूला देण्यात येणारे हाइजमन पारितोषिक त्या वर्षी त्यालाच मिळाले. मतमोजणी मोठी अटीतटीची झाली. प्रथम पसंतीची सर्वांत अधिक मते ओक्लाहोमाच्या टॉमी मॅकडॉनल्डला होती; पण एकूण गुणांत हॉर्नंग १०६६, टेनेसीचा जॉनी मेजर्स ९९४, आणि मॅकडॉनल्ड तिसरा. पराभवांची संख्या विजयांहून अधिक असलेल्या संघातील खेळाडूला हे पारितोषिक मिळाल्याचे हे एकच उदाहरण आहे. त्यावर पुष्कळ टीका झाली. त्याने फेकलेले १३ चेंडू प्रतिपक्षाने झेलले होते आणि त्याच्या फेकींवर संघाला सीमापार जाता आले ते फक्त तीनदा, हेही टीकाकारांनी दाखवून दिले. तथापि एक गडी सर्व कामांत पहिला असणे हे त्याच्या गुणाचे जसे द्योतक, तसेच इतर कामांना दुसरा माणूस नसल्याचेही द्योतक असते, एवढे त्या आकड्यांवरून दिसतेच.

येथेच पराभवाच्या कारणांचा शोध लागतो. त्या काळच्या नियमानुसार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. त्यामुळे शिष्यवृत्त्या कमी केल्याचा परिणाम त्याच वर्षी दिसत नाही. जुनी मुले पदवी घेऊन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागा भरावयास पुरेशी मुले नसतात, तेव्हा तो दिसू लागतो. १९५६ हे नेमके तसे वर्ष होते. विहिरीचे झरे आटले तरी साठलेले पाणी काही दिवस पुरते. तळ दिसतो तो नंतर, आणि तळ दिसतो त्या दिवशी रहाटाशी जो उभा असेल त्याच्याकडे सारे बोट दाखवितात. शिवाय १९५३ पासून खेळाडू बदलण्यावर कडक बंधने आली होती. चढाई आणि बचाव ही दोन्ही कामे बहुतेक त्याच अकरा जणांना करावी लागत. अशा खेळात दुखापतींनी तीनचार गडी बसले आणि त्यांच्या जागी अननुभवी मुले आली, म्हणजे सामन्याच्या उत्तरार्धात काय होणार हे सांगावयास ज्योतिषी नको. प्रतिपक्षही लेचेपेचे नव्हते. त्या वर्षी ओक्लाहोमा राष्ट्रीय विजेता ठरला, तर आयोवाने नववर्षाचा प्रतिष्ठेचा रोज बोल सामना जिंकला.

ब्रेनन यांचा दोष मुळीच नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. अनुभव थोडा होता. ज्या लेहींनी त्यांना घडविले, त्यांनीच त्या हंगामात जाहीरपणे बोल लावला की पराभवापेक्षा मुलांची वृत्ती अधिक खुपते. हा घाव जिव्हारी लागणारा होता. एरवीच्या टीकाकाराला उत्तर देता येते. गुरूला काय उत्तर देणार?

विद्यापीठाने ब्रेनन यांना लगेच दूर केले नाही, हे त्याला भूषणावह होते. आणि पुढच्याच वर्षी त्याचे फळ मिळाले. १६ नोव्हेंबर १९५७ रोजी नोटर डेमचा संघ ओक्लाहोमाच्या गावी, नॉर्मन येथे गेला. ओक्लाहोमाने तोपर्यंत लागोपाठ ४७ सामने जिंकले होते. सामना संपावयास चार मिनिटांहूनही कमी अवधी उरला असता, शून्य-शून्य अशा स्थितीत, चौथ्या प्रयत्नाला डिक लिंच याने उजव्या बगलेने मुसंडी मारून रेषा ओलांडली. निकाल ७-०. तो विजयक्रम सुरू होण्यापूर्वी ओक्लाहोमाला हरविणारा शेवटचा संघ १९५३ मध्ये नोटर डेमच होता, आणि तो क्रम मोडणाराही नोटर डेमच ठरला. वर्षापूर्वी ज्यांनी ४०-० असा मार खाल्ला होता, त्यांतील कितीतरी मुले त्या दिवशी मैदानावर होती. त्या वर्षी दहांपैकी सात सामने जिंकले.

पण १९५८ साली सहा विजय आणि चार पराभव झाले. नाताळ चार दिवसांवर आला असता ब्रेनन यांना दूर केल्याची वार्ता प्रसिद्ध झाली. वय तीस, पाच वर्षांत ३२ विजय, १८ पराभव. ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकाने, विद्यापीठाने आपल्या तत्त्वांपुढे हात टेकले, अशा आशयाची टीका केली. १९५९ च्या जानेवारीत त्याच साप्ताहिकात फादर हेसबर्ग यांनी उत्तर दिले आणि शैक्षणिक ध्येय यत्किंचितही सोडलेले नाही, असे प्रतिपादन केले.

दोन्ही बाजूंचा निवाडा पुढच्या वर्षांनीच केला. व्यावसायिक संघांचा अनुभव असलेले जो कुहारिच नवे शिक्षक झाले. त्यांच्या चार हंगामांत १७ विजय आणि २३ पराभव झाले. १९६० साली तर पुन्हा दोन विजय आणि आठ पराभव, म्हणजे १९५६ चीच पुनरावृत्ती. १९५९ ते १९६३ या पाच वर्षांत विजयांची संख्या पराभवांहून अधिक असा एकही हंगाम झाला नाही. १९६४ साली आरा पार्सेघियन आले आणि दैव पालटले. म्हणजे ज्याला अपयशी ठरवून घालविले, त्याच्यानंतर पाच वर्षे त्याच्याइतकेही यश कोणाला आले नाही.

दुसऱ्या बाजूने पाहता हेसबर्ग यांचे स्वप्न खोटे नव्हते. १९८७ पर्यंत, तब्बल ३५ वर्षे, ते अध्यक्षपदी राहिले आणि त्यांच्या काळात नोटर डेम हे खऱ्या अर्थाने थोर विद्यापीठ झाले. हॉर्नंग ग्रीन बे संघातून व्यावसायिक खेळाडू म्हणून गाजला. १९६० च्या हंगामात त्याने केलेला १७६ गुणांचा विक्रम २००६ पर्यंत अबाधित होता. ब्रेनन मात्र पुन्हा कोणत्याही महाविद्यालयाचे मुख्य शिक्षक झाले नाहीत. ते शिकागोला परतले, त्यांनी अर्थव्यवसायात जम बसविला आणि २०२१ साली वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

विद्यापीठाने विद्येला अग्रस्थान दिले, हे योग्यच झाले. शिक्षकाकडून विजयाची अपेक्षा धरली, यातही अवास्तव काही नव्हते. अन्याय झाला तो या दोन गोष्टी एकाच वेळी, एकाच तरुणाकडून मागण्यात. साधने कमी करण्याचा निर्णय संस्थेचा होता. तेव्हा आठ पराभवांतील आपला वाटाही संस्थेने उघडपणे उचलावयास हवा होता. १९५६ चा जमाखर्च मांडताना ब्रेनन यांच्या नावे आठ पराभव लिहिले जातात, ते लिहिले जावेत. परंतु त्या रकमेखाली सही एकट्या त्यांची असणे रास्त नाही.