सैनिकाच्या बाहीवरील खुणा : एक दुर्लक्षित ऐतिहासिक साधन

सामान्य शिपायाविषयी लिखित साधने फार थोडी उरतात. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश शिपायांच्या सेवाविषयक कागदपत्रांपैकी निम्म्याहून अधिक सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यात जळून गेली. अशा स्थितीत जुन्या छायाचित्रातील गणवेशाची बाही हीच पुष्कळदा साक्ष देते. मात्र ती वाचण्याचे नियम माहीत असावे लागतात.

ब्रिटिश सैन्यात १८०२ मध्ये हुद्दादर्शक फिती सुरू झाल्या. सार्जंटला तीन, कॉर्पोरलला दोन. पुढे दंडावर, टोक खाली, ही त्यांची जागा रूढ झाली. भारतीय सैन्यातील हवालदार व नाईक यांच्या बाहीवर हीच परंपरा आजही आढळते.

१८३६ पासून सद्वर्तनाबद्दल वेतनवाढ व तिची खूण म्हणून फीत मिळू लागली. महायुद्धकाळी ती डाव्या बाहीवर, कोपराखाली, टोक वर करून लावीत. कॉर्पोरल झाल्यावर ती उतरवावी लागे. म्हणजेच तेथे तीन फिती असलेला मनुष्य सार्जंट नसून, दीर्घकाळ निष्कलंक चाकरी केलेला साधा शिपाई होय. नेमकी येथेच वाचकाची फसगत होते.

जुलै १९१६ पासून जखमी सैनिकास डाव्या बाहीच्या खालच्या भागी दोन इंच लांबीची उभी सोनेरी पट्टी मिळू लागली. १९१८ च्या आरंभी परदेशातील सेवेसाठी उजव्या बाहीवर, टोक वर असलेल्या लहान फिती आल्या. १९१४ अखेरपर्यंत परदेशी गेलेल्यास एक लाल, पुढील प्रत्येक बारा महिन्यांस एक निळी. त्यामुळे अशा फिती असलेले छायाचित्र १९१८ पूर्वीचे असू शकत नाही.

अधिकाऱ्यांचा हुद्दाही १९०२ पासून मनगटावरील तारे, मुकुट व पट्ट्यांनी दाखवीत. परंतु खंदकयुद्धात तो शत्रूच्या नेमबाजांच्या नजरेत भरे. अनेकांनी तो खांद्यावर नेला व १९२० मध्ये मनगटावरील पद्धत रद्द झाली. प्रतिष्ठेची खूण प्राणघातक ठरल्याचे हे बोलके उदाहरण आहे.

तात्पर्य, केवळ फिती मोजून भागत नाही. कोणती बाही, कोपराच्या वर की खाली, टोक कोणत्या दिशेस आणि काळ कोणता, हे चार प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारले, तर ज्याचे नावही उरले नाही अशा शिपायाची चाकरी व जखमा इतिहासात नोंदविता येतील.